बाबांना माती द्यायची की अग्नी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी तो थोडक्यात मांडतो. तुमचे बाबा मेथडिस्ट या प्रोटेस्टंट मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सभासद. आई मराठा घरातली, लग्नानंतर बाप्तिस्मा घेतलेली. आत्या कॅथलिक घरात दिलेली. राहणं कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावात, तिथं ख्रिस्ती घरं चार आणि कबरस्तान नाही. बाबांचं डायलिसिस चालू आहे. मागच्या महिन्यात जेवताजेवता ते म्हणाले, "मला जाळून टाका, पुरत बसू नका." तेव्हापासून घर ढवळून निघालंय. मंडळीतले एक वडीलधारे म्हणतात, जाळलेल्याला पुनरुत्थान नाही, म्हणजे तो मेलेल्यांतून पुन्हा उठणार नाही. आत्या म्हणते, आमच्यात चालतं, पण राख घरात ठेवायची नाही. मामा म्हणतात, बरंच झालं, रक्षाविसर्जन करून मोकळे होऊ. आणि तुम्ही विचारताय, ख्रिस्ती माणसाला जाळलेलं चालतं का?

चालतं. मेथडिस्ट मंडळीत दहनाला मनाई नाही, कॅथलिकांतही आता नाही. पण एवढ्यावर उत्तर संपवलं तर तुमच्या घरातलं भांडण मिटणार नाही, कारण तुमच्या घरात एक प्रश्न नाहीच. वडीलधाऱ्यांना विश्वासाची काळजी आहे, आत्याला नियमाची. मामांना दाजी शेवटी आपल्यातले ठरावेत असं वाटतंय. आणि बाबांच्या मनात काय आहे ते अजून कुणी विचारलेलंच दिसत नाही. मी एकतीस वर्षं पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, होतो, त्यातली बावीस बेळगाव आणि आसपासच्या खेड्यांत गेली. कबरीच्या काठावर किती वेळा उभा राहिलो ते मोजलेलं नाही, पण स्मशानातल्या चितेशेजारी एकोणीस वेळा उभा राहिलोय. ते मोजले, कारण सुरुवातीला प्रत्येक वेळी लोक मला नंतर जाब विचारायचे.

आधी वडीलधाऱ्यांचं. ते चुकीचं बोलले, पण वाईट हेतूनं बोललेले नाहीत. माझ्या आजीचंही हेच म्हणणं होतं. ती शेतात राबलेली बाई, तिचा युक्तिवाद सरळ होता, "भाजलेलं बी उगवतं काय रे?" बायबलमधल्या पहिल्या करिंथच्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात प्रेषित पौलानं मृत शरीराला बियाण्याची उपमा दिलीय, ती तिनं शेतकऱ्याच्या डोक्यानं घेतली होती. भाजलेले शेंगदाणे पेरून भुईमूग येत नाही, मग जाळलेला माणूस कसा उठेल? मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. ते पुढं एका कबरीत मिळालं.

आमच्या कबरस्तानात खड्डे काढणारे एक मामा होते. एकदा एका आईसाठी तिच्या नवऱ्याचीच जुनी कबर उघडायची होती, सतरा वर्षांनी. इकडं जागा कमी, त्यामुळं घराण्याची कबर पुन्हा उघडणं नेहमीचंच. लाल जांभ्याची जमीन, टिकाव मारला की ठिणगी उडायची. मामा कमरेएवढे खाली गेले, मग हातानं माती चाळायला लागले. वर काय आलं सांगतो: शवपेटीच्या दोन गंजक्या बिजागऱ्या, मूठभर खिळे, दातांची कवळी आणि मांडीच्या हाडाचे दोन तुकडे. बाकी सगळी मातीच. मुलगा माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "एवढेच काय ओ बाबा?" मामांनी ते तुकडे पांढऱ्या फडक्यात बांधले, तळाशी आणखी वीतभर उकरून ते फडकं तिथं ठेवलं, वर माती लोटली आणि म्हणाले, "आता आईला आणा."

जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात आपला पाऊस. हाडं लवकर विरतात. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत ती जास्त टिकतात. मग चिकोडीच्या माणसाचं पुनरुत्थान सोपं आणि खानापूरच्या माणसाचं अवघड असं आहे का? आग दोन-चार तासांत जे करते तेच माती पंधरा-वीस वर्षांत करते. पौलही त्याच अध्यायात सांगतो की तुम्ही पेरता ते पुढं होणारं शरीर नव्हे, देव आपल्या इच्छेनं त्याला शरीर देतो. आजीनं बियाण्याची उपमा नीट धरली होती, पण उगवण बियाण्याच्या जिवावर आहे असं धरलं होतं. पौल ती देवाच्या हातात ठेवतो.

यावर वाद घालणाऱ्यांना मी लिओंची गोष्ट सांगतो. सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या या शहरात ख्रिस्ती लोकांना छळून मारलं. मारणाऱ्यांनी त्यांची प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत टाकली, मुद्दाम, यांना पुन्हा उठण्याची आशाच राहू नये म्हणून. म्हणजे 'जाळलं की पुनरुत्थान नाही' हा विचार त्या वेळी मंडळीचा नव्हता, मंडळीला छळणाऱ्यांचा होता. बुडालेले, वाघानं खाल्लेले, घराला लागलेल्या आगीत गेलेले, या सगळ्यांचं काय, हा प्रश्न तेव्हाही लोकांना पडत होता. समुद्रानं आपल्यातले मेलेले परत दिले, हे बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात आहेच.

बायबलमध्ये दहनाविरुद्ध आज्ञा नाही. दहनाची उदाहरणं दोन्ही बाजूंची आहेत. शौल राजा आणि त्याच्या मुलांची प्रेतं याबेश-गिलादच्या माणसांनी रातोरात शत्रूच्या भिंतीवरून काढून आणली, जाळली, आणि हाडं झाडाखाली पुरून सात दिवस उपास केला. ते शूर होते असंच तिथं म्हटलंय. उलट मवाब राष्ट्रानं शेजारच्या अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला म्हणून आमोस संदेष्टा त्याच्यावर न्याय सांगतो. पहिल्या ठिकाणी आग प्रेमानं दिलेली आहे, दुसऱ्या ठिकाणी सूड म्हणून. मला वाटतं फरक तिथंच आहे.

मग इतकी शतकं ख्रिस्ती लोक पुरतच का आले? कारण येशूला पुरलं होतं. कारण आपले पूर्वज ज्या यहुदी रिवाजातून आले तो पुरण्याचा होता. रोमन जगात दहन सर्रास असताना मंडळीनं पुरणं धरलं, आणि सुरुवातीच्याच काळातले लेखक मिनुसियस फेलिक्स स्पष्ट लिहितात की कुठल्या प्रकारच्या अंत्यविधीनं आमचं नुकसान होईल अशी आम्हाला भीती नाही, जुनी आणि चांगली रीत म्हणून आम्ही पुरतो. भीतीनं नव्हे, आवडीनं, हे लक्षात घ्या. पुढं मात्र रीत कडक होत गेली. आठव्या शतकात फ्रँक राजा शार्लमेननं सॅक्सन लोकांना दहनाबद्दल देहदंड ठरवला. एकोणिसाव्या शतकात युरोपात काही लोक चर्चला हिणवायला म्हणून दहनाचा प्रचार करू लागले, तेव्हा १८८६ मध्ये रोमनं कॅथलिकांना त्याची मनाईच केली. इंग्लंडमध्ये पहिलं अधिकृत दहन १८८५ चं, वोकिंग इथलं. १९४४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल वारले, त्यांचं दहनच झालं. इतक्या मोठ्या पदावरच्या माणसानं ते केल्यावर प्रोटेस्टंट घरांतला संकोच बराच ओसरला.

आत्याचं म्हणणं बरोबर आहे, तिला तसं जरूर सांगा. कॅथलिकांची बंदी १९६३ मध्ये उठली. १९८३ च्या त्यांच्या कायद्यात असं आहे की पुरण्याची रीत पाळावी अशी चर्चची मनापासून शिफारस आहे, दहनाला मनाई नाही, फक्त ते ख्रिस्ती शिकवणीला विरोध म्हणून निवडलेलं नसावं. २०१६ मध्ये रोमहून आणखी स्पष्ट सूचना आल्या: राख पवित्र जागी ठेवायची, घरात नको, उधळायची नाही, पाण्यात सोडायची नाही, भावाभावांत वाटायची नाही. २०२३ च्या शेवटी थोडी सूट मिळाली, अनेकांची राख एकत्र ठेवण्याच्या सामायिक जागेची आणि काही अटींवर थोडासा अंश कुटुंबाच्या महत्त्वाच्या जागी ठेवण्याची. तुमचे बाबा मेथडिस्ट, त्यांना हे नियम लागू नाहीत. तरी मी प्रोटेस्टंट असून राखेच्या बाबतीत त्यांचंच ऐकतो. का, ते खाली येईल. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र आजही दहन मानत नाहीत. आपल्याकडच्या स्वतंत्र मंडळ्यांत सगळं त्या त्या पाळकावर असतं. कुणी तुम्हाला ठाम 'नाही' म्हटलं तर ते कोणत्या मंडळीतून बोलताहेत ते आधी बघा.

आता माझं स्वतःचं सांगतो, नाहीतर म्हणाल पाळकसाहेब दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहेत. मला स्वतःला माती हवी आहे. तसं लिहूनही ठेवलंय. कारण तात्त्विक कमी आणि साधं जास्त आहे. मातीच्या वेळी प्रत्येकाला काहीतरी करता येतं. दोर धरून पेटी खाली सोडताना चार माणसांचे हात लागतात. मग लहान पोरापासून सगळे मूठमूठ माती टाकतात, त्या मातीचा पेटीवर आवाज होतो, आणि त्या आवाजानं घरच्यांना पटतं की माणूस गेला. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणत लोक तिथंच थांबतात, खड्डा भरेपर्यंत हलत नाहीत. चितेशेजारी धग असते, लोक मागं सरकतात, तासाभरानं निम्मे घरी. अग्नीला दोष देत नाही, मी पाहिलेलं सांगतोय.

आणि पुरणं ही इंग्रजांची रीत, आपल्याकडची नव्हे, असं मामा म्हणत असतील तर त्यांना बेळगावातच उत्तर आहे. शेजारचे लिंगायत काय करतात? मांडी घालून बसवून समाधी देतात. गोसावी पुरतात. हिंदू घरांत तान्हं मूल गेलं तर पुरतात. आणि आपल्या बोलीत बघा, चितेवर जाणाऱ्याच्या अंत्ययात्रेलाही आपण 'मातीला गेलो होतो' असंच म्हणतो. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं, १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे आलं. दोनशे वर्षं आमची माणसं याच मातीत गेलीत. ती परकी कशी?

आता मुख्य गोष्ट. बाबांना कुणी विचारलंय का, "का जाळायचं?" मी 'जाळा' म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला हे विचारायचो, एकट्यात, बाकीच्यांना बाहेर चहाला पाठवून. एकदा निपाणीजवळच्या गावात एक तंबाखूच्या वखारीत हमाली केलेले अण्णा होते. तुमच्या बाबांसारखंच, "मला जाळा." मुलं हबकलेली, मंडळीत चर्चा. मी खाटेशेजारी बसलो, विचारलं. बराच वेळ छताकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "पेटी, गाडी, खड्डा, कोल्हापूरची लेक, बेळगावचा भाऊ, सगळ्यांचं जेवण. पोरगा कुठनं आणणार ओ? गावातलं स्मशान घरामागं आहे. लाकडं सोसायटीची मिळतात." म्हणजे अण्णांना अग्नी नको होता, मुलाच्या डोक्यावर कर्ज नको होतं. मंडळीनं पेटी आणि गाडी आपल्याकडं घेतली, खड्डा तरुण संघाच्या पोरांनी काढला. अण्णांना सांगितलं तेव्हा ते फक्त "मग बघा तुमचं" म्हणाले. मातीच दिली त्यांना.

पण उलटही झालंय. एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "पावसाळ्यात गेले तर पाण्यात नका सोडू मला." त्यांनी स्वतःच्या बहिणीची माती पाहिली होती, ऑगस्टमध्ये, काळ्या मातीत. तिथं मीही होतो. रात्रभर पाऊस, सकाळी खड्ड्यात गुडघाभर पाणी. बादल्यांनी उपसलं, शेजारच्या शेतातून डिझेलचा पंप आणला, तरी कडेनं झरत राहिलं आणि एका बाजूची भिंत ढासळली. पेटी खाली सोडली तर ती तरंगली. दोन माणसांना वरून दाबून धरायला लागली. तिच्या मुलीनं ते पाहिलं, आणि मला ते अजूनही दिसतं. त्या शिक्षिकेला मी एका शब्दानंही अडवलं नाही. त्या नोव्हेंबरात गेल्या, पाऊस केव्हाच उघडला होता, तरीही आम्ही त्यांच्या शब्दाप्रमाणं दहनच केलं.

तर बाबांचं कारण पैसा असेल तर तो मंडळीसमोर ठेवा. अंतर असेल तर गाडीची सोय करता येते. मातीची, कोंडण्याची, किड्यांची भीती असेल तर तीही खरी भीती आहे, हसण्यावारी नेऊ नका. आणि विचार करून, शांतपणे त्यांना अग्नीच हवा असेल, तर तो त्यांचा शब्द आहे, तुम्ही पाळा. माणूस जिवंत असेपर्यंत त्याचं मन बदलायला तुम्ही मोकळे आहात. डोळे मिटल्यावर नाही.

जमिनीचं बोलायलाच हवं, कारण तुमच्या गावात कबरस्तान नाही आणि अनेकांचा प्रश्न खरं तर तिथंच अडकलेला असतो. बायबलमधल्या अब्राहामाची गोष्ट आठवा. त्याची बायको सारा गेली तेव्हा त्याच्याकडं गुरं होती, चांदी होती, पण पुरायला वीतभर जागा नव्हती. तो हित्ती लोकांपुढं वाकून म्हणाला, मी तुमच्यात परका आणि उपरा आहे. त्यांच्यातला जागेचा मालक एफ्रोन आधी म्हणाला, फुकट घे. अब्राहामानं ते नाकारलं आणि चारशे शेकेल चांदी मोजून मकपेलाची गुहा घेतली, गावच्या वेशीवर, सगळ्यांच्या साक्षीनं. मला तो उत्पत्तीतला सगळ्यात व्यवहारी अध्याय वाटतो. फुकटच्या तोंडी परवानगीवर त्यानं बायकोला पुरलं नाही. तुम्हीही "आमच्या शेताच्या बांधाला पुरा की" असं कुणी म्हटलं तर हुरळून जाऊ नका. उद्या शेत विकलं, वाटण्या झाल्या, की कबरीवर नांगर.

रीतसर मार्ग म्हणजे चारही घरांनी मिळून, मंडळीच्या पत्रासह, दफनभूमीसाठी सरकारी जमीन मागणारा अर्ज तहसीलदारांकडे देणं. अर्ज कन्नडमध्ये नेलात तर काम लवकर पुढं सरकतं, हा आपला अनुभव. फॉर्मवर 'रुद्रभूमी' दिसलं तर गोंधळू नका, तो कन्नडमधला स्मशान-दफनभूमीसाठीचा शब्द. उतारा, नकाशा, गावसभेचा ठराव, सगळं लागतं. वर्ष-दोन वर्षं सहज जातात. म्हणून बाबांच्या वेळेला याचा भरवसा धरू नका, पण अर्ज आत्ताच द्या, तुमच्या पोराबाळांसाठी. छत्तीसगडमध्ये काय झालं ते आठवतं ना? जानेवारी २०२५ मध्ये एका मुलाला आपल्या पाळक वडिलांना गावातच पुरायचं होतं, गावानं अडवलं. देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात. सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती देण्याचा आदेश झाला. कोण बरोबर यावर मी इथं बोलत नाही. घरात देह असताना जमिनीचं भांडण सुरू झालं की दुःख करायलाही वेळ मिळत नाही, एवढंच मी पाहिलंय.

समजा अग्नीच ठरला. मग काही गोष्टी आधीच पक्क्या करून ठेवा. मंडळीची उपासना देह समोर असताना, घरी किंवा चर्चमध्ये, पूर्ण करून घ्या. स्मशानात शेवटची प्रार्थना तेवढी. मी चितेशेजारी तेच शब्द म्हणायचो जे कबरीवर म्हणतो, मातीला माती, राखेला राख, आणि पुनरुत्थानाची आशा. त्यात एक अक्षर बदलायला लागत नाही. स्मशानातल्या माणसाला आधीच सांगा की मडकं नाही, फेऱ्या नाहीत. त्याला सवयीनं मडकं पुढं करायचं असतं, त्यात त्याचा दोष नाही. आयत्या वेळी नाही म्हटलं की मामांना अपमान वाटतो. त्यापेक्षा मामांना चार दिवस आधी भेटा. खांदा त्यांचा पहिला, फुलं त्यांची, लाकूड रचायला तेच पुढं. फक्त मंत्र आणि विसर्जन नाही. माणसाला काम दिलं की तो हट्ट सोडतो. एकदा एका मामांनीच मला विचारलं होतं, "तुमचं भजन आम्ही म्हटलं तर चालतं काय ओ?" आणि टाळ घेऊन आले.

राखेचं आता सांगतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ओळखीतल्या एका कुटुंबातला कर्ता माणूस गेला. देह घरी दिलाच नाही, दुसऱ्या दिवशी राख हातात आली. घरात कुणाला काही सुचेना. हिंदू नातेवाईक म्हणाले मलप्रभेत सोडा, मंडळीनं काहीच सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्या दिवसांत फोनवर प्रार्थना करण्यापलीकडं काही केलं नाही. आठ महिन्यांनी त्यांच्याकडं गेलो तर बायको म्हणाली, "पाळकसाहेब, एक दाखवायचं आहे." कपाटावरून तिनं स्टीलचा डबा काढला. पापडाचा डबा. त्याच्याभोवती ओढणी गुंडाळलेली. रोज रात्री दिवा मालवताना तिची नजर तिकडं जायची; कुठं ठेवायचा कळत नव्हतं म्हणून ती डबा कधी कपाटावर, कधी ट्रंकेत हलवत राहिली. लेकरं त्या खोलीत झोपत नव्हती. आम्ही पुढच्या शनिवारी तिच्या सासूच्या कबरीच्या पायथ्याशी दीड हात खड्डा काढला, मातीच्या गाडग्यात राख ओतली, नेहमीची उपासना केली, आणि सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. ती तिथं पहिल्यांदा रडली. नंतर दगडावर सासूच्या नावाखाली नवऱ्याचं नाव कोरलं.

म्हणून मी राखेच्या बाबतीत कॅथलिकांचं ऐकतो. उधळू नका, नदीत सोडू नका, कपाटावर ठेवू नका. जमिनीत एका जागी, नावासह. राख पुरायला सहा-सात फुटांचा खड्डा लागत नाही. ज्या कबरस्तानात नव्या कबरीला जागा नाही तिथंही आजोबांच्या पायथ्याशी ती मावते. केरळमध्ये आलप्पुळाच्या लॅटिन कॅथलिक धर्मप्रांतानं जुलै २०२० मध्ये हेच केलं, कोरोनानं गेलेल्यांना दहन करून राख चर्चच्या दफनभूमीत पुरायला परवानगी दिली. तुमच्या बाबांची आई कुठं आहे? बेळगावच्या कबरस्तानात असेल तर तुमचा निम्मा प्रश्न सुटलाच समजा: गावात अग्नी, बेळगावात माती. बाबांचाही शब्द राहतो, वडीलधाऱ्यांनाही कबरीवर उभं राहून प्रार्थना करता येते, आत्याचाही नियम पाळला जातो. मंडळीच्या दफनभूमी समितीला मात्र आधी विचारा, कारण काही ठिकाणी अजून राखेसाठी जागा देण्याची सवय नाही आणि सभासदत्वाची वर्गणी थकलेली असली तर तेवढं निमित्त पुरतं.

एक धोक्याचं. मृत्यू अपघाती, संशयास्पद किंवा आत्महत्येचा असेल तर दहनाची घाई अजिबात करू नका, पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या, त्यानंतरही शक्यतो पुरा. पुढं तपासाला गरज पडली तर दंडाधिकाऱ्याच्या हुकमानं कबर उघडता येते, राखेतून काही निघत नाही. तुमच्या बाबांच्या बाबतीत हे लागू नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी लागेल. आणि माती असो वा अग्नी, मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करा, डॉक्टरांचा दाखला आणि कबरस्तानाची किंवा स्मशानाची पावती जपून ठेवा. पेन्शन, बँक, उताऱ्यावरचं नाव, सगळं त्या कागदावर अडतं.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी माणूस जरा ताजा असतो, तो दिवस धरा. बाबांशेजारी एकटे बसा आणि कारण विचारा. लगेच उत्तर मिळालं नाही तर गप्प बसा, उठू नका. जे काही सांगतील ते मराठीत अर्ध्या पानावर लिहा, खाली त्यांची सही घ्या. साक्षीला दोन माणसं, एक ते मंडळीतले वडीलधारे आणि दुसरे तुमचे मामा. दोघांनाही एकाच वेळी बोलवा. आणि त्या कागदाची एक झेरॉक्स पाळकांकडे द्या; आईच्या ट्रंकेत ठेवलेला कागद त्या दिवशी कुणालाच सापडत नाही.